मदत हवी आहे: चिपळूण-खेड भागात स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या बायका एकमेकींना कुठे भेटतात?

डोंबिवलीची_पुतणी

नमस्कार मंडळी,

काकूसाठी विचारतेय. वय ५२, गाव चिपळूण तालुक्यात. उजव्या स्तनात गाठ निघाली, परळला टाटात ऑपरेशन झालं, स्तन काढावा लागला. मग केमो, रेडिएशन. आता टॅमॉक्सिफेनची गोळी आणि अधूनमधून तपासणी. खर्चाचा बराच भाग महात्मा फुले योजनेत बसला, डॉक्टरांबद्दल तक्रार नाही. तेव्हा 'अमक्यांना दाखवा', 'तमका काढा द्या' हे कृपया नको.

दुखणं वेगळंच आहे. परळला असताना काकू इतकी खचलेली नव्हती. नाना पालकर समितीत राहायची सोय झाली होती. तिथे काय किंवा ओपीडीत नंबर येईपर्यंत काय, शेजारी बसलेली बाई लातूरची असो की बिहारची, पहिला प्रश्न 'कितवी केमो?' मग लाल औषधाने तोंडाची चव कशी जाते, केस परत कधी येतात, सगळं निघायचं. डोक्यावरचा स्कार्फ काढला तरी कुणी वळून बघत नसे.

गावी आली आणि तिचं बोलणंच बंद झालं. घरचे जपतात, पण जपतात म्हणजे विषय काढत नाहीत. बाहेर सांगितलंय की गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. केस गेले ते टायफॉईडने. (कुणाचा विश्वास बसलाय देव जाणे.) लपवायचं कारण म्हणजे चुलतबहिणीसाठी स्थळं बघणं चालू आहे. 'आईला झालं, उद्या मुलीला होईल' म्हणून पाहुणे मागे फिरतील ही धास्ती. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिक असण्याचं प्रमाण ५ ते १० टक्क्यांच्या आसपास, हे पाहुण्यांना कोण समजावणार? शेजारच्या एका आजींना कुणकुण लागली, तर त्यांनी काकूचा कप वेगळा ठेवला. तिच्यादेखत.

काकू आता हळदीकुंकवाला जात नाही. ब्लाउजमध्ये कापूस कोंबते, तो घामाने भिजून सरकतो. उजव्या हाताने कळशीही उचलत नाही. परवा फोनवर म्हणाली, "तुम्ही सगळी चांगली आहात गो, पण तुम्हाला झालेलं नाहीये."

तर त्या बाजूला असा एखादा गट आहे का? मुंबई-पुण्यातल्या संस्था माहीत आहेत, पण दर खेपेला गाडीत बसून कोण जाणार! नसेल, तर गावात बोभाटा न होता असं काही जमवता येतं का? आणि कापसाला पर्याय सांगा.

रानजाई

मी सोलापूर जिल्ह्यातली. बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलात उपचार झाले, त्याला बरीच वर्षं झाली.

गटाचं नंतर बघा, आधी एक बाई शोधा. आमच्याकडे ते काम गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईने केलं. कुणाच्या घरी काय दुखणं आहे ते तिला ठाऊक असतं. तिने नाव न सांगता दोघींना वेगवेगळं विचारलं, 'अशीच एक आहे, भेटशील का?' दोघी हो म्हणाल्या तेव्हाच गाठ घालून दिली. आता पाच-सहा जणी आहोत. फलक नाही, नाव नाही, घरचे समजतात बचत गटाची बैठक. पहिल्याच वेळी एकीने दार लावून घेतलं आणि ब्लाउजमधलं, स्तनाच्या जागी बसवायचं आपलं पॅड काढून सगळ्यांच्या हातात दिलं, बघा म्हणाली. इतक्या हसलो की सासूबाईंनी दार वाजवलं. कर्करोग जनजागृतीच्या गुलाबी फिती आणि मेणबत्त्या आमच्याकडे कुणी आणल्या नाहीत, आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नाही.

कापूस सोडा. निटेड नॉकर्स इंडिया म्हणून मुंबईची मंडळी आहेत, सुती धाग्याचे विणलेले पॅड देतात, तेही मोफत. हलके असतात, धुता येतात.

वाटसरू६५

जरा कडू बोलतो. आज लपवलं आणि लग्नानंतर बाहेर आलं, तर ऐकून घ्यावं लागेल मुलीला. गावात दवंडी पिटू नका, पण सोयरीक ठरायच्या आधी त्या एका घराला सांगा. तेवढ्याने मागे फिरणारे फिरले तर फिरू देत.

रानजाई

बरोबर आहे, पण ते काकूंनी ठरवायचं, आपण नाही.

कोकणकडा

फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून हाताबद्दल लिहिते. हात न वापरल्याने खांदा आखडतो. भिंतीवर बोटं चालवत हात वर नेणं वगैरे टाटात शिकवलेलं रोज करू दे, वजन हळूहळू वाढवू दे. शेतात जाताना पूर्ण बाहीचा शर्ट आणि हातमोजे, काट्याचा ओरखडासुद्धा नको. त्या हातातल्या बांगड्या घट्ट वाटायला लागल्या तर सूज समजा आणि दाखवून घ्या. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि लांब कशाला जाता? डेरवणचं वालावलकर रुग्णालय चिपळूण तालुक्यातच आहे, तिथे कर्करोगाचे उपचार होतात. म्हणजे तालुक्यातल्या अशा बायका तिथे येतच असणार. आशाताईला जमलं नाही तर तिथे विचारा.

मुंबईच्या खेपांना रेल्वेची सवलत घेता ना? उपचार-तपासणीसाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सूट. फॉर्म हॉस्पिटलातून मिळतो.

डोंबिवलीची_पुतणी

सगळ्यांचे आभार. काकूला फोनवर सगळं वाचून दाखवलं. वाटसरूकाकांच्या सल्ल्यावर काही बोलली नाही. सासूबाईंनी दार वाजवलं तिथे हसली. गट नको म्हणतेय, पण रानजाईताईंशी बोलायला तयार आहे. ताई, दुपारी दोन ते चारमध्ये फोन चालेल का? काका तेव्हा दुकानात असतात. नंबर निरोपातून पाठवते. पॅडसाठी माप कसं कळवायचं तेही सांगा. पार्सल मात्र मी डोंबिवलीलाच मागवणार, गावचा पोस्टमन फार चौकस आहे.