रोजगार मेळाव्याला जाण्यापूर्वी बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी कोणती तयारी करावी?

तासगावची विद्यार्थिनी:
नमस्कार. मी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या अंतिम वर्षाला असून पुढील महिन्यात सांगलीतील रोजगार मेळाव्याला जाणार आहे. गेल्या वर्षी मी पंधरा टेबलांवर बायोडाटा दिला. परंतु कुठेही दोन मिनिटांपेक्षा अधिक बोलणे झाले नाही आणि नंतर कोणाचा फोनही आला नाही. अनुभव म्हणावा तर गावातील विहिरींच्या पाण्याची दुष्फेनता (म्हणजे त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण) तपासण्याचा कॉलेजचा प्रकल्प तेवढा माझ्याकडे आहे. या वेळी काय वेगळे करावे?

कुपवाड एमआयडीसी, गुणवत्ता विभाग:
मी गेली काही वर्षे कंपनीच्या वतीने अशा मेळाव्यांत बसतो. पंधरा टेबले फिरण्यापेक्षा सहभागी कंपन्यांची यादी आधी मिळवून, जिथे प्रयोगशाळा आहे अशा चार-पाच कंपन्या निवडा आणि त्या काय बनवतात हे वाचून या. आपला प्रकल्प तर आपण फारच कमी लेखला आहे. किती विहिरींचे नमुने घेतले, ईडीटीए या रसायनाने अनुमापन करताना, म्हणजे ते थेंबथेंब घालून दुष्फेनता मोजताना, द्रावणाचा रंग लालसरवरून निळा होण्याचा क्षण कसा ओळखला, एकाच नमुन्याची दोन वाचने जुळली नाहीत तेव्हा काय केले, हे आपल्या शब्दांत सांगा. पिण्याच्या पाण्याच्या दुष्फेनतेसाठी भारतीय मानकाची स्वीकारार्ह मर्यादा (कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात) लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. आपल्या विहिरी त्यात कुठे बसल्या, हेही सांगता आले पाहिजे. ज्या कारखान्यात बॉयलर आहे, तिथे दुष्फेन पाण्याने नळ्यांत क्षार साचतात आणि इंधन अधिक जळते, त्यामुळे हा विषय त्यांच्या रोजच्या कामाचा आहे. मला स्वतःला पाठ केलेल्या परिचयापेक्षा अशी एक खरी हकिकत ऐकायला आवडते.

माजी विद्यार्थिनी, मिरज:
सरांच्या म्हणण्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. बायोडाटा एका पानाचा ठेवून त्यात हा प्रकल्प शिक्षणाच्या लगेच खाली लिही. राज्य शासनाच्या महास्वयम या रोजगार पोर्टलवरील नोंदणी आधीच पूर्ण कर, कारण मेळाव्याच्या सकाळी मोबाइलवर ती करत बसलेल्या मुलांचा पहिला तास वाया गेलेला मी पाहिला आहे. नोकरी नसेल तर शिकाऊ उमेदवारीची जागा आहे का, हे आवर्जून विचार. माझी सुरुवात तशीच झाली. निघताना पुढे कोणाशी, कधी संपर्क साधायचा हे वहीत लिहून घे.

तासगावची विद्यार्थिनी:
सर, ताई, मनःपूर्वक आभार. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. प्रकल्प इंग्रजीतूनच सांगावा लागेल का?

कुपवाड एमआयडीसी, गुणवत्ता विभाग:
आमच्या टेबलावर मराठीत सांगितलेले चालते. मात्र प्रयोगशाळेतील नोंदी आणि अहवाल इंग्रजीत असतात, म्हणून आपल्या प्रकल्पाचा पाच ओळींचा सारांश इंग्रजीत स्वतः लिहून काढा आणि निरीक्षणांची मूळ वही सोबत आणा. ती वही मी नक्की पाहीन.