मदत हवी आहे: बायॉस अपडेट अर्धवट राहिले. बोर्ड गेला की नुसते फर्मवेअर (चिपमध्ये साठवलेले सॉफ्टवेअर)?

बायॉसचे (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचे) अपडेट चालू असताना लॅपटॉप बंद पडला. आता दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच. रॅम बदलून पाहिली, फरक नाही. दुरुस्तीवाले म्हणतात, मदरबोर्ड बदला. बायॉस हे सॉफ्टवेअरच ना, मग हार्डवेअर कशाला बदलायचे? बोर्डवरच्या बायॉसच्या आठ पायांच्या चिपवर २५क्यू६४एफव्ही असे छापले आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
बोर्ड इतक्यात बदलू नका. आधी कंपनीची रिकव्हरी पद्धत करून पाहा: फॅट३२ पेनड्राइव्हवर बायॉसची फाइल आणि सुरू करताना ठरावीक बटणे. बूट ब्लॉक (बायॉसचा सर्वांत आधी चालणारा भाग) शाबूत असेल तर एवढ्यावर भागते.

नाहीतर सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप थेट वाचण्या-लिहिण्याचे यूएसबी उपकरण) आणि चिपवर बसणारी आठ पायांची क्लिप घ्या. चार्जर, बॅटरी आणि बटणसेल तिन्ही काढा. क्लिपची लाल वायर चिपवरच्या टिंबाकडे, म्हणजे पाय क्रमांक १ ला. तुमची चिप ३.३ व्होल्टची आहे. नावाच्या शेवटी एफडब्ल्यू असते तर १.८ व्होल्टचा अडॅप्टर लागला असता. स्वस्त काळ्या प्रोग्रामरच्या डेटा पायांवर ५ व्होल्ट येतात, तेही मल्टिमीटरने तपासा.

चिपने ईएफ ४० १७ हा आयडी दिला तर ती जिवंत आहे, बिघाड बहुधा आतल्या मजकुरात. दोनदा वाचून दोन्ही फाइली ताडून पाहा. प्रत्येक नेमकी ८३,८८,६०८ बाइट हवी. जुळत नसतील तर क्लिप नीट बसलेली नाही, किंवा प्रोग्रामरची वीज बोर्डचे इतर भाग ओढताहेत. मग चिप उतरवूनच वाचावी लागते.

प्रतिसाद २
वरच्यात एक भर. नेटवरून दुसऱ्याचा डंप (चिपमधून वाचलेली पूर्ण फाइल) आणून थेट लिहू नका. याच चिपमध्ये सिरियल नंबर, विंडोजची की, इंटेलच्या बोर्डांवर मॅनेजमेंट इंजिनचा (इंटेलच्या अंतर्गत नियंत्रक यंत्रणेचा) भाग आणि काहींत लॅनचा मॅक पत्ताही असतो. कंपनीची फाइलही जशीच्या तशी चालत नाही, तिला बहुधा वेगळा हेडर (सुरुवातीचा जादा माहितीचा भाग) असतो. यूईएफआयटूल या बायॉसच्या फाइली उघडणाऱ्या प्रोग्रामने त्यातले बायॉसचे व्हॉल्यूम (भाग) काढून स्वतःच्या डंपमध्ये बसवा, एनव्हीरॅम (सेटिंग्ज साठवणारा भाग) तुमचेच ठेवा. मूळ डंप खराब असला तरी जपून ठेवा.

प्रोसेसरचा मायक्रोकोडही (प्रोसेसरच्या आतल्या कामातल्या चुका सुधारणारा कोड) याच चिपमध्ये असतो. दर वेळी सुरू होताना तो प्रोसेसरमध्ये भरला जातो आणि वीज गेली की पुसला जातो. लिनक्स तोच डिस्कवरूनही भरते. आता त्याला सॉफ्टवेअर म्हणायचे की हार्डवेअर, ते तुम्हीच ठरवा!

धागाकर्ता
आयडी ईएफ ४० १७ आला, पण दोन डंप जुळत नाहीत.

प्रतिसाद १
क्लिप काढून चिपचे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, क्लिप पुन्हा बसवा. तरीही न जुळल्यास हॉट एअरवाल्याकडून (गरम हवेने सोल्डर वितळवणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडून) चिप उतरवून घ्या. तोपर्यंत काहीही लिहू नका.