आईसाठी इंडक्शन शेगडी घ्यावी का? (ठाणे, नौपाडा, जुनी इमारत)

घोडबंदरची_लेक
मंडळी, सल्ला हवाय. आई ७४ वर्षांची. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरात एकटी राहते, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी कासारवडवलीला. म्हणायला एकच गाव, पण संध्याकाळी घोडबंदर रोडवरून निघालं की नाशिक जवळ वाटतं.

गेल्या महिन्यात दोनदा दूध उतू जाऊन बर्नर विझला आणि गॅस तसाच चालू राहिला. दुसऱ्या वेळी शेजारच्या काकूंना जिन्यात वास आला म्हणून निभावलं. भाऊ म्हणतो, सिलिंडर काढूनच टाक आणि इंडक्शन आण. आईचं म्हणणं, "जिला जाळ नाही ती शेगडी कसली?"

शंका दोन. एक, तिचं बिल महिन्याला ९० युनिटच्या आत असतं. १०० च्या वर गेलं की सगळंच वरच्या दराने लागतं ना? दोन, भाकरीचं काय? तिला रोज एक तरी तांदळाची भाकरी लागते.

खारघरची_सुगरण
चार वर्षं वापरतेय. दूध, चहा, कुकर, भाजी यांना झकास. भाकरीला नाही म्हणजे नाही. बिडाच्या तव्यावर ती भाजली जाते, पण जाळावर टाकल्याशिवाय टम्म फुगत नाही आणि न फुगलेली भाकरी आमच्याकडे कुणी मोजत नाही. शिवाय तवा कडेला थंड राहतो, मधलं वर्तुळ तेवढं तापतं.

घ्यायचीच असेल तर बटणांची घ्या, टचवाली नको. म्हाताऱ्या माणसांची बोटं एकतर ओली असतात नाहीतर पीठ लागलेली, टचला ती कळतच नाहीत. माझ्या सासूबाई चिडून त्यावर लाटणं आपटायच्या.

कळव्याचा_वायरमन
ताई, शेगडी नंतर बघा, आधी प्लग बघा. ओट्यावरचा मिक्सरचा पॉइंट ६ अँपिअरचा असतो. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर जवळपास पावणेनऊ अँपिअर ओढते. जुन्या बिल्डिंगमध्ये किटकॅट फ्यूज (चिनीमातीचा, तार बांधायचा), आत अॅल्युमिनियमची वायर, त्यावर हे चढवलं तर आधी प्लग गरम होतो, मग काळा पडतो. गॅसची भीती घालवायला आगीची आणाल.

मीटर बोर्डापासून वेगळी तांब्याची ४ एमएम वायर ओढून घ्या, १६ अँपिअरचा पॉइंट, त्याला स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारं बटण) आणि अर्थिंग. आपल्याकडे अर्धी जुनी घरं अर्थिंगच्या भोकात नुसताच प्लग खुपसून बसलेली आहेत. बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तोही बघून ठेवा.

नेरुळचा_हिशेबी
स्लॅबबद्दल हा गैरसमज घरोघरी आहे. महावितरणच्या घरगुती बिलात पहिली १०० युनिटं खालच्याच दराने लागतात, पुढच्या १०१ ते ३०० मधली तेवढी वरच्या दराने. १०१ वं युनिट आलं म्हणून आधीची १०० महाग होत नाहीत.

एक लिटर पाणी उकळायला साधारण ०.१ युनिट. एकट्या माणसाचा चहा, दूध, कुकर, एक भाजी धरून दिवसाला युनिट-सव्वा युनिट, म्हणजे महिन्याला ३०-३८. उलट बाजूने बघा: १४.२ किलोचा सिलिंडर जेवढं शिजवतो तेवढ्याला माझ्या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास युनिटं लागतात. त्याला आपला वरचा दर लावा, वर १६ टक्के वीज शुल्क. तेव्हा पैसे वाचतील या आशेने घेऊ नका, बचतीच्या गप्पा दुकानदाराच्या. सुरक्षिततेसाठी घेत असाल तर मात्र घ्या.

उपवनकर
प्रश्नच थोडा चुकलाय असं वाटतं. त्रास ज्योत विझण्याचा आहे, तर ज्योत विझल्यावर गॅस आपोआप तोडणाऱ्या शेगड्या मिळतात. बर्नरला चिकटून एक छोटी काडी असते. ती थंड झाली की आतला व्हॉल्व्ह बंद. आईंना नवीन काही शिकायला नको, भाकरीही फुगेल. फक्त पातेलं कोरडं पडून जळायला लागलं तर ही काडी काही करत नाही, कारण ज्योत चालूच असते.

आणि गॅस पूर्ण काढू नकाच. १२ ऑक्टोबर २०२० विसरलात का? कळवा-पडघा वाहिन्यांत घोळ झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे वीज गेली. आमच्या मजल्यावरच्या दोन 'फक्त इंडक्शन' घरांनी दुपारी आमच्याकडे वरणभात खाल्ला. (अवांतर: त्यातल्या एकांनी मीठ कमी आहे असंही सांगितलं.)

सीवूड्सचा_सावध
कोणी बोललं नाही म्हणून: आईंना पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चालू शेगडीपासून सहसा दोन फूट लांब राहायला सांगतात.

दुसरं, झुरळं. हसू नका. शेगडीखाली पंख्याची जाळी असते आणि आत ऊब, म्हणजे झुरळांना पंचतारांकित सोय. माझी पहिली शेगडी अशीच गेली. मेकॅनिकने खोलली तेव्हा बोर्डावर आख्खं कुटुंब होतं. रात्री भिंतीपासून सुटी करून उभी ठेवा. आणि स्वयंपाक झाल्या झाल्या मेन बटण बंद करू नका, पंखा थांबेपर्यंत थांबा.

घोडबंदरची_लेक
सगळ्यांचे आभार. पेसमेकर नाही. तीन आठवड्यांनी येऊन सांगतेय.

वायरमनने ओट्याचा प्लग उघडून दाखवला, मागची बाजू तपकिरी झालेली. नुसत्या मिक्सर आणि टोस्टरने! वेगळी वायर ओढली, अर्थिंग खरोखरचं झालं. बटणांची शेगडी आणली आणि गॅसचीही बदलली, काडीवाली. भाऊ म्हणतो दोन्ही कशाला, पण तो पुण्यात असतो.

आईला समजावताना फ्रिजवरचं गणपतीचं मॅग्नेट काढून भांड्यांच्या बुडाला लावत बसलो. चिकटलं तर चालेल, घसरलं तर नाही. बिडाचा तवा पास, स्टीलची निम्मी नापास, पितळी पातेली सगळी नापास. "म्हणजे तुझ्या आजीचं काहीच चालत नाही," इति आई. आता सकाळचं दूध सहा मिनिटांचा टायमर लावून शेगडीवर ठेवते, बीप झालं की आतल्या खोलीतून "आले गं" म्हणते. भाकरी गॅसवरच, आणि नंतर रेग्युलेटर बंद. त्याची चिठ्ठी मी सिलिंडरवर चिकटवली होती. तिने ती काढून फ्रिजवर लावली, कारण सिलिंडरपाशी वाकून वाचायचं कोण.

अडलंय ते दुधाच्या पातेल्याशी. तिचं चाळीस वर्षांचं अॅल्युमिनियमचं, एका बाजूला पोचा आलेलं. नव्या स्टीलच्या पातेल्यात साय नीट धरत नाही म्हणते. त्याखाली ठेवायची लोखंडी चकती मिळते म्हणतात, कोणी वापरलीय का?

खारघरची_सुगरण
वापरलीय. चकती लालभडक तापते, दूध सावकाश तापतं, आणि चकती उचलताना हात भाजतो. नको त्या फंदात. जांभळी नाक्याला भांड्यांच्या दुकानांत आईंनाच घेऊन जा, मॅग्नेट पर्समध्ये टाका. जाड बुडाचं घ्या, साय धरेल.

घोडबंदरची_लेक
रविवारी जातो. ती म्हणतेय, जुनं पातेलं मोडीत द्यायचं नाही, त्यात कढीपत्ता लावायचाय.