एन्क्लेक्स : औषधमात्रेच्या गणितात राउंड ऑफ नेमके केव्हा करावे?

स्टाफनर्स_सांगली
नमस्कार. मी सहा वर्षे मेडिसिन वॉर्डात काम करते आणि अमेरिकेत परिचारिका म्हणून नोंदणीसाठी द्याव्या लागणाऱ्या एन्क्लेक्स-आरएन परीक्षेची तयारी करीत आहे. काल एका सराव प्रश्नावर अडले. रुग्णाचे वजन १७२ पौंड, हेपारिन (रक्त गोठू न देणारे औषध) ताशी किलोमागे १८ युनिट, पिशवीत २५० मिलिलिटरमध्ये २५,००० युनिट, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १००. औषध सोडणाऱ्या पंपाचा ताशी दर मिलिलिटरमध्ये, एका दशांश स्थळापर्यंत द्यायचा होता. मी १७२ ला २.२ ने भागून वजन ७८ किलो धरले, त्यावरून १,४०४ युनिट काढले आणि १४ असे उत्तर लिहिले. पुस्तकात मात्र १४.१ आहे. आम्हाला शिकवणीत प्रत्येक पायरीवर राउंड ऑफ करायला सांगितले होते. मग चूक कोणाची?

परिचारिका_टेक्सास
ताई, पुस्तक बरोबर आहे. १७२ ला २.२ ने भागल्यावर ७८.१८१८ येते, तो आकडा कॅल्क्युलेटरवर तसाच ठेवून १८ ने गुणले की १,४०७.२७ युनिट होतात आणि दर १४.०७, म्हणजे १४.१ मिलिलिटर येतो. तुम्ही वजनातील ०.१८ सोडून दिले आणि तेवढ्यानेच उत्तर बदलले. राउंड ऑफ एकदाच, अगदी शेवटी करायचे, आणि तेही प्रश्नात जसे सांगितले असेल तसेच : पूर्णांक मागितला असेल तर पूर्णांक, एक दशांश स्थळ मागितले असेल तर एक. कॅल्क्युलेटर परीक्षेच्या पडद्यावरच मिळतो, त्यामुळे मधले आकडे छोटे करण्याची गरजच उरत नाही. प्रश्नाचे ते शेवटचे वाक्य मी गणिताला हात लावण्याआधी वाचत असे. घाईत नेमके तेच नजरेतून निसटते.

वॉर्ड_सिस्टर
एक जोडते, कारण ही सवय परीक्षेपुरती नाही. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना ०.५ असेच लिहावे, नुसते .५ नाही, आणि पाच मिलिग्रॅम लिहिताना ५.० लिहू नये. टिंब पुसट उमटले तर पहिल्याचे ५ आणि दुसऱ्याचे ५० वाचले जाते, म्हणजे दोन्हीकडे मात्रा दहापट होते. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेच्या २००४ च्या निषिद्ध लेखनाच्या यादीत हे दोन्ही प्रकार आहेत.

स्टाफनर्स_सांगली
मनापासून आभार. गणित पुन्हा केले, १४.१ च आले. सलाईनच्या थेंबांनाही हाच नियम लावायचा का? तिथे तर आम्ही नेहमी पूर्णांकच धरतो.

परिचारिका_टेक्सास
हो, पण पूर्णांक शेवटीच. १,००० मिलिलिटर आठ तासांत द्यायचे आहे आणि सेटचे २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर, असे समजा. मिनिटाला ४१.६७ थेंब येतात. अर्धा थेंब मोजता येत नाही, म्हणून ४२. याउलट १,००० ला ४८० मिनिटांनी भागून आलेल्या २.०८ चे आधीच २ केले, तर मिनिटाला ४० थेंब होतात आणि आठ तासांनी ४० मिलिलिटर बाटलीतच राहते. उद्या ड्यूटीवर सलाईनचे थेंब पडतात त्या चेंबरसमोर घड्याळ धरून एक मिनिट थेंब मोजून पाहा, ४० आणि ४२ मधला फरक हाताला कळेल.