सेफ्टी रेझरने दाढी : तुमची सुरुवात कशी झाली? अनुभव सांगा

परवा माळा आवरताना बाबांची पत्र्याची डबी सापडली, उघडली तर आत त्यांचा रेझर. दांडा, ब्लेडखालची प्लेट आणि वरची टोपी असा तीन भागांत सुटा होणारा. दांड्यावर जिथे बाबांची बोटं आणि अंगठा यायचा तिथलं पॉलिश उडून आतलं पितळ दिसतंय, बाकी जसाच्या तसा. हातात घेतला आणि एकदम तो आवाज आठवला, खुंटांवरून ब्लेड जाताना येतो तो, खर्र खर्र. बाबा आरशासमोर, मी शेजारी स्टुलावर. त्यांचं झालं की ब्रशवर उरलेला फेस माझ्या गालांना लावायचे आणि ब्लेड काढून रेझर माझ्या हातात द्यायचे. मग मीही दाढी करायचो. पाच-सहा वर्षांचा असेन.

मी स्वतः पहिल्यापासून कार्ट्रिजवाला, म्हणजे ब्लेडांसकट अख्खं डोकंच बदलायचं तो रेझर. मानेवर कायम लाल पुरळ, त्वचाच तशी आहे म्हणून सोडून दिलेलं. बाबांचा रेझर बघून वाटलं की हाच वापरायचा. ब्लेडं आणली, गरम पाण्याने तोंड धुतलं, फेस केला, गालांवर छान झालं. हनुवटीखाली गेलो आणि हाताने सवयीने जोर लावला, तिथे एक आणि कंठमण्याच्या बाजूला एक असे दोन काप. कार्ट्रिजचं डोकं मान हलवतं, वळणावर आपोआप वळतं, हे तसं नाही हे लक्षातच राहिलं नाही. पण सोडणार नाहीये. गाल असे गुळगुळीत माझे कधी झाले नव्हते आणि तो आवाज इतक्या वर्षांनी माझ्याच गालावर ऐकला.

तर जे वापरतात त्यांनी सांगा, सुरुवातीला काय चुकलं, काय जमलं, कोणी शिकवलं. सगळं लिहा.

*

दाब!! दाब देऊ नका. सगळं त्यातच आहे. रेझरला वजन त्यासाठीच दिलंय. दांड्याच्या अगदी खालच्या टोकाला धरा, तिथे धरलं की जोर लावताच येत नाही. आणि कोन असा शोधायचा, दांडा गालाला काटकोनात आडवा धरून आधी टोपी टेकवायची, ब्लेड लागतच नाही तेव्हा. मग दांडा हळूहळू खाली आणायचा, ज्या क्षणी केस कापल्याचा आवाज आला तिथे थांबायचं, तो तुमचा कोन. साधारण 30 अंश म्हणतात पण आरशासमोर कोण कोनमापक घेऊन बसतं, कानाने शोधा. आणि छोटे छोटे स्ट्रोक, इंच-दीड इंच, लांब ओढायचं नाही

*

वाचून डोळ्यात पाणी आलं. आमचे पण बाबा असंच करायचे. बाकी नंतर लिहिते, कपडे वाळत घालायचेत

*

मला मामाने शिकवलं. पहिले चार दिवस फक्त गाल, मान आणि ओठावरचा भाग जुन्याच रेझरने. पाचव्या दिवशी मान. त्यामुळे मला एकही मोठा काप लागला नाही. नव्यांना मी हेच सांगतो, सगळा चेहरा पहिल्याच दिवशी कशाला?

आणि मानेवरचे केस कुठल्या दिशेने उगवतात ते आधी दोन दिवस दाढी वाढवून बोट फिरवून बघा. गालावर वरून खाली असतात पण मानेवर माझे डावीकडे आडवे आहेत, उजवीकडे चक्क खालून वर. मी दहा वर्षं डावी-उजवी एकाच दिशेने खरडत होतो आणि पुरळ का येतं म्हणून क्रीमं बदलत होतो. पहिला हात केसांच्या दिशेने, पुन्हा फेस लावून दुसरा आडवा. उलटा हात लगेच नको, काहींना तो कधीच सोसत नाही आणि नाही केला तरी काही बिघडत नाही.

*

+1 मान. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनी तर उलटा हात विसराच. कार्ट्रिजमध्ये एकामागे एक ब्लेडं असतात, पहिलं केस ओढतं आणि मागचं त्वचेच्या पातळीखाली कापतं, मग तो कुरळा केस बाहेर यायच्या ऐवजी आतच वळतो आणि फोड येतो. मला हे त्वचेच्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. एका ब्लेडवर आल्यावर दोन महिन्यांत मान साफ झाली. सगळ्यांचं असंच होईल असं नाही म्हणत, माझं झालं.

*

या निमित्ताने थोडा इतिहास. किंग कॅम्प जिलेट हा आधी सेल्समन होता, बाटल्यांच्या बुचांच्या कंपनीत. त्या बुचाचा शोध लावणाऱ्या विल्यम पेंटरने त्याला सल्ला दिला की लोक वापरून फेकतील आणि पुन्हा घेतील असं काहीतरी शोध. 1895 साली दाढी करताना पात्याला धार नाही म्हणून वैतागला आणि तिथे कल्पना सुचली, पातळ पत्र्याचं ब्लेड, बोथट झालं की टाका. पण इतक्या पातळ पोलादाला धार लावून ते कडक ठेवायचं कसं हे कोणाला जमेना. विल्यम निकरसन या इंजिनिअरने ते यंत्र बनवलं. 1903 साली विक्री किती, तर 51 रेझर आणि 168 ब्लेडं! पुढच्याच वर्षी रेझर 90 हजारांच्या वर. पेटंट 1904 चं. मग पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सैनिकांना हे किट दिलं आणि ते लोक घरी परतताना सवय घेऊन परतले. 51 वरून तिथपर्यंत, मला हे वाचलं तेव्हा फार भारी वाटलं होतं

*

छान माहिती, फक्त एक भर. सेफ्टी रेझर जिलेटच्या आधीही होता. काम्फे बंधूंचं पेटंट 1880 चं आहे, कुदळीसारखा आडवा आकार आणि त्वचेला संरक्षण देणारी कड. पण त्याचं पातं जाड, काढून धार लावावी लागायची. टाकाऊ ब्लेड ही जिलेटची कल्पना.

*

आम्ही बायकापण वापरतो बरं का 🙂 पायांसाठी. जिलेटनेच 1915 मध्ये बायकांसाठी वेगळा रेझर काढला होता, म्हणजे हे काही नवीन फॅड नाही. लांब दांड्याचा घ्या, ओल्या हातात छोटा निसटतो. घोट्याचं हाड आणि गुडघा इथे सावकाश, गुडघा थोडा वाकवून कातडी ताणून घ्यायची, पूर्ण वाकवला तर हाड वर येतं आणि तिथेच लागतं. दोन वर्षं झाली, एकदाच कापलं तेही घाईत

*

ताई लांब दांडा म्हणजे साधारण किती हो? बहिणीला घ्यायचाय

*

माझा तळहाताच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त आहे, 10 सेंटीमीटर असेल. मोजून सांगते, लेक उठली

*

ब्लेडबद्दल कोणी बोललं नाही अजून. एकच ब्लेड आणून त्यावर निकाल देऊ नका. मी फेदरने सुरुवात केली, जपानी आहे, प्रचंड धारदार, नवशिक्याच्या हातात ती धार झेपत नाही. महिनाभर लाल चेहरा घेऊन फिरलो आणि रेझरला दोष देत होतो. मग मित्राने वेगवेगळ्या ब्लेडांची दोन-दोन पानं दिली, अॅस्ट्रा लावलं आणि वाटलं रेझरच बदलला. आता हात बसल्यावर फेदरही मस्त चालतं! पण एका वेळी एकच गोष्ट बदला. ब्लेड, साबण, ब्रश सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

ब्लेड टॉवेलने पुसायचं नाही, धार जाते आणि बोटही. नुसतं धुवून झटकायचं. माझं एक पाचेक दाढ्या जातं, केस ओढले जायला लागले की बदललं, उगाच ताणायचं नाही.

*

ब्लेड हातात धरताना दोन छोट्या बाजूंना धरायचं, जिथे धार नसते. हे कोणीच सांगत नाही आणि पहिला काप बऱ्याच जणांना बोटालाच लागतो. आणि टोपी घट्ट करण्याआधी दोन्ही बाजूंनी ब्लेड सारखं डोकावतंय का बघा. तिरकं बसलं असेल तर एक बाजू बोचते, दुसरी कापतच नाही.

*

वापरलेली ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकू नका, कळकळीची विनंती. कागदात गुंडाळूनही नको. कचरा हाताने वेगळा करणारी माणसं असतात, त्यांच्या बोटांचा विचार करा. एक पत्र्याची डबी घ्या, झाकण पक्कं बंद करा, वर ब्लेड जाईल एवढी फट पाडा. एवढ्याशा डबीत कित्येक वर्षांची ब्लेडं मावतात. भरली की फटीवर जाड टेप लावून वर मोठ्या अक्षरात ब्लेड असं लिहून द्या. घरात लहान मूल असेल तर डबी उंचावर.

*

फार महत्त्वाचं लिहिलंत. आजच करते डबी.

*

फेसाचं कोणीतरी सांगा, माझा फेस दोन मिनिटांत वाळतो. पाणी जड आहे आमच्याकडे

*

जड पाण्यात साबण जास्त घ्यायचा, ब्रश साबणावर आत्ता घासता त्याच्या दुप्पट वेळ. मग पाणी थेंब थेंब वाढवत जायचं. बुडबुडे दिसत असतील तर अजून घोळवा, बुडबुडे जाऊन चकचकीत ओला फेस झाला पाहिजे, कोरडा भुसभुशीत नको. ब्रश कोणता आहे?

*

डुकराच्या केसांचा, नवीन. वास येतो त्याला 😕

*

जातो वास, आठ-दहा वेळा नुसता साबण लावून फेस करा आणि धुवा. आणि वापरायच्या आधी पाच-दहा मिनिटं पाण्यात भिजत ठेवा, तो ब्रश पाणी पितो, कोरडाच वापरला तर तुमच्या फेसातलं पाणी ओढून घेतो. म्हणून वाळत असेल तुमचा! हळूहळू टोकं फाटून मऊ होतो, मग सोडवत नाही. भिजवायचा कंटाळा असेल तर सिंथेटिक, तो वाळतो पण लवकर. धुतल्यावर झटकून हवेशीर ठेवा, बंद डब्यात नको.

*

बाबांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांची दाढी मी करायचो, त्यांच्याच रेझरने. दुसऱ्याची दाढी म्हणजे सगळं उलटं, आपल्या गालाला कळतं किती टेकलंय ते इथे कळत नाही. डावा गाल त्यांना फुगवता यायचा नाही, मग मी दोन बोटांनी कानाकडे कातडी ताणून धरायचो आणि अगदी बोटभर बोटभर करायचो. बोलता येत नव्हतं, पण मानेची पाळी आली की न सांगता हनुवटी वर करायचे. पुढे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, छोटा कापही थांबेना म्हणून डॉक्टरांनी इलेक्ट्रिक मशीन घ्यायला सांगितलं. ज्यांच्या घरी अशा गोळ्या चालू आहेत त्यांनी ब्लेड लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. मशीनने दाढी व्हायची, पण सवयीने ते हनुवटी तेव्हाही वर करायचे.

*

🙏 काय बोलू. तुमच्या बाबांना ते हात नक्की कळत असतील.

*

माझा मुलगा सोळाचा आहे, मिसरूड फुटलंय, तोंडावर मुरुमं. त्याला हा रेझर देऊ का आत्ताच?

*

मुरुमं फुटलेली असतील तर त्यावरून ब्लेड नको, बाजूने जायचं नाहीतर नुसतं ट्रिम करायचं. माझ्या मुलाला मी आधी ब्लेड न लावता आठवडाभर हात बसवू दिला, फेस लावून सगळं खरं खरं. मग सौम्य ब्लेड. आता माझ्यापेक्षा शांतपणे करतो.

*

तुरटी! दाढीनंतर गार पाण्याने धुवायचं आणि ओला खडा फिरवायचा. छोटे काप थांबतात हे खरंच, पण मी वापरते... सॉरी वापरतो 😀 (बायकोच्या फोनवरून लिहितोय) ते वेगळ्या कारणासाठी. जिथे चुरचुरलं तिथे जोर जास्त लागला. पहिले काही दिवस पूर्ण मान पेटायची, आता जबड्याच्या कडेला एकच जागा. अर्धा मिनिट ठेवून धुवून टाका, नाहीतर त्वचा ओढल्यासारखी होते. खडा वाळवून ठेवा.

*

प्रवासात लक्ष ठेवा, विमानात हातातल्या बॅगेत सुटी ब्लेडं चालत नाहीत, माझं नवीन पाकीट सुरक्षा तपासणीत गेलं. सामानात द्यायच्या बॅगेत टाका

*

धागाकर्ते, प्लेटीच्या खाली एखादं इंग्रजी अक्षर आणि आकडा आहे का? अमेरिकेत बनलेल्या 1950 च्या दशकापासूनच्या जिलेटवर असतो, अक्षर वर्षाचं आणि आकडा तिमाहीचा. आणि वापरायच्या आधी साफ केला ना? उकळतं पाणी नको, पॉलिश निघतं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, आटे पण घासा, तिथे साबणाची खपली जमते. शेवटी स्पिरिट.

*

धागाकर्ता परत. सगळ्यांना मनापासून धन्यवाद, दोनदा वाचला धागा. अक्षर वगैरे काही नाही हो, प्लेट दोन्हीकडून कोरी आहे. साफ केला होता पण आटे राहिले होते, आज घासले, आतून करडी खपली निघाली. ती बाबांच्या साबणाची असणार. घासताना जरा थांबलोच.

आज सकाळी दुसरी दाढी केली. दांडा टोकाला धरला, मान केसांच्या दिशेने, माझेही एका बाजूला आडवे निघाले! एकच हात फिरवला, उलटा नाही. काप एकही नाही. तुरटी हनुवटीखाली चुरचुरली, म्हणजे तिथे अजून जोर जातोय. मुलगी दारात उभी राहून बघत होती, तिच्या नाकाला फेस लावला तर ब्रशच घेऊन पळाली.

पक्षाघातवाले दादा, तुमचा प्रतिसाद बायकोलाही वाचून दाखवला.

*

ब्रश मिळाला का परत?

*

मिळाला, बाहुलीची दाढी झाल्यावर.

*

ताई, दांडा मोजलात का?

*

हो हो राहिलंच. साडेदहा सेंटीमीटर. बहिणीला सांगा, दांड्यावर खाचा असलेलाच बघून घे, गुळगुळीत नको.