अनुभव धागा: पहिल्या महिन्यात अडलेला एक स्पॅनिश शब्द

भाची सप्टेंबरात स्पेनला शिकायला चाललीये. स्पॅनिशची बी-वन (मधली) पातळी झालीये, क्रियापदं तोंडपाठ. परवा विचारत होती, "मावशी, आता अजून काय वाचू?" काय सांगणार, कप्पाळ! मीही असंच सगळं घोकून माद्रिदला उतरले होते. तर स्पेन, मेक्सिको, स्पॅनिश बोलतात तिथं कुठंही शिकायला गेलेल्यांनो, लिहा. व्हिसाची माहिती ढिगानं मिळते, ती नको. कुठल्या शब्दाला अडलात तेवढं सांगा.

माझा शब्द 'आपेयीदो', म्हणजे आडनाव. स्पेनमध्ये आडनावं दोन, सहसा आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. ऑनलाइन फॉर्ममध्ये दुसरा रकाना मोकळा ठेवला तर पुढचं पानच उघडेना. मी डोकं चालवलं: पहिल्या रकान्यात वडिलांचं नाव, दुसऱ्यात आपलं आडनाव. पण तिथं पुकारतात ते पहिल्या आडनावानं. पहिल्याच तासाला बाईंनी हजेरी घेतली, "बासांत!" कुणी ओ देईना. तिसऱ्यांदा यादीवर पेन आपटत म्हणाल्या तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. स्पॅनिशमध्ये व चा ब होतो, आणि हे आमचे वसंतराव! फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, "हजेरी लागतेय ना माझी? मग झालं." पुढे रेसिडन्स कार्डाच्या वेळी पासपोर्टावर एक नाव, कॉलेजच्या पत्रावर दुसरं, त्यापायी तीन खेटे पडले. तेव्हा मात्र हसू आलं नाही.

ग्रानादाहून

माझा शब्द 'कार्ने', मांस. "सिन कार्ने" म्हटलं की सुटलो, असं वाटलं होतं. सॅलड मागवलं, वर ट्यूना. वेटरला दाखवलं तर म्हणे, हा मासा, यात कार्ने कुठंय? मसूर मागवली, तळाशी चोरीसोचे, म्हणजे डुकराच्या सॉसेजचे तुकडे. ते म्हणे चवीपुरते! गुरुवारी अंडं चालतं का यावर आमच्या घरी वाद होतो, त्याच जातीचा हा प्रश्न. ग्रानादात ड्रिंकबरोबर तापा, म्हणजे छोटीशी खायची प्लेट, फुकट येतो, पण काय द्यायचं ते बहुतेकदा बारवाला ठरवणार. माझं हॅम रूममेटच्या पोटात जायचं, त्यामुळे तो मला कुठंही सोबत न्यायला तयार असे. रात्रीचं जेवण साडेनऊ-दहाला. पहिला आठवडा संध्याकाळी सातला खोलीत बसून बाकरवडी खाल्ली. ती संपली तेव्हा सुपरमार्केटात काचेच्या बरणीतले उकडलेले छोले दिसले. त्यात गोडा मसाला घालून पुढचं सेमिस्टर निघालं.

एवढंच

आमच्या ग्रुपात एक जय होता. स्पॅनिशमध्ये इंग्रजी 'जे' अक्षराचा उच्चार ख. वर्षभर सगळे त्याला 'खाय' म्हणत राहिले आणि तो खात राहिला.

मेक्सिको सिटी, २०१७

'सिमुलाक्रो.' नुकताच पोचलो होतो. १९८५च्या भूकंपाची आठवण म्हणून १९ सप्टेंबरला तिथं सराव असतो. सकाळी ११ ला भोंगा झाला, सगळे जिने उतरून खाली, कुणी सिगरेट पेटवलेली, कुणी फोनवर. सिमुलाक्रो म्हणजे सराव, असं वहीत लिहून घेतलं. दुपारी सव्वाच्या सुमारास पायाखालची फरशी सरकली. मी शेजारणीला विचारलं, "सिमुलाक्रो?" तिनं उत्तर दिलं नाही, दंड धरून मला ओढत नेलं. भोंगा वाजला तोवर दिवे हेलकावत होते; केंद्र जवळ असल्यानं आधी इशारा द्यायला वेळच नव्हता. ७.१ चा होता.

मी लातूरचा. १९९३ला किल्लारी झाल्यापासून आमची आजी रात्री दाराला कडी लावत नसे. लहानपणी आम्ही तिची टिंगल करायचो. त्या रात्री मी बूट घालून, दार उघडं टाकून झोपलो. पुढे महिनाभर तसाच.

सेवियाहून, वसंतरावांचं वाचून

तोच फॉर्म बहुतेक! मी पहिल्यात आमचं आडनाव टाकलं आणि दुसऱ्यात आईचं माहेरचं, कारण दुसरं काही सुचेना. ओळखपत्र आलं तेव्हा आईला फोटो पाठवला. आमच्या घरात त्या आडनावानं कधी पत्रसुद्धा आलेलं नव्हतं. तिनं तो मामाला पाठवला, मामानं अख्ख्या गावाला. आता सुट्टीत गेले की मामा विचारतो, "काय हो, आमच्याकडच्या!"