ब्लूज गिटार: अंगठ्याची लय आणि बोटांची चाल स्वतंत्र कशी करावी?

दूधसागर (फोंडा)

नमस्कार. मी व्हिडिओंच्या आधारे बोटांनी वाजवायची ब्लूज गिटार शिकत आहे. ई या स्वरातला ट्वेल्व्ह-बार ब्लूज (बारा बारचा, म्हणजे बारा समान लयखंडांचा ठरलेला क्रम), त्यात ए आणि बी-सेव्हन या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांवर) वेळेत पोहोचणे आणि अंगठ्याने सहाव्या तारेवर सलग ठोके धरणे एवढे मला जमते. मात्र चालीचे स्वर दोन ठोक्यांच्या मध्ये येऊ लागले, की अंगठा बोटांबरोबर ओढला जातो आणि लय तुटते. प्राथमिक धडे आता सोपे वाटतात, तर मध्यम स्तराच्या धड्यांत बहुतेक शिक्षक एकदा हळू वाजवून थेट पूर्ण गतीवर जातात. सराव कोणत्या क्रमाने करावा आणि व्हिडिओ निवडताना काय पाहावे?

माटोळी (म्हापसा)

आपण अडचण अंगठ्याची म्हणता, पण मला ती आधी कानाची वाटते. चाल तोंडपाठ नसेल, तर ती वाजवताना सगळे लक्ष तिच्याकडेच जाते आणि अंगठ्याकडे कोणी पाहत नाही. म्हणून अंगठा चालू ठेवून ती चाल प्रथम नुसती गुणगुणावी. बाकीची बोटे तारांना लावूच नयेत. आपल्याकडे भजनाला बसलेला माणूस टाळ धरून अभंग म्हणतो, तेव्हा हात लय सांभाळतो आणि गळा मोकळा राहतो. अंगठ्याकडून नेमके तेच हवे आहे.

त्यानंतर एकच बार घ्यावा. त्यातले जे स्वर ठोक्यावर पडतात, तेवढेच अंगठ्याबरोबर एकाच वेळी वाजवावेत आणि मधले सगळे गाळावेत. हे न अडखळता होऊ लागले, की मधला एकच स्वर घालावा. उदाहरणार्थ, तिसरी तार ठोक्यावर मोकळी छेडून लगेच तिच्या पहिल्या पडद्यावर (फ्रेटवर) बोट आपटले, की जी वरून जी-शार्प मिळतो. या एवढ्याशा हालचालीत ब्लूजचा रंग आहे आणि दुसरा स्वर डाव्या हाताने निघत असल्यामुळे उजव्या हातावर ताणही येत नाही. ब्लूजची लय बहुधा तिस्र असते: मात्रेचे तीन भाग केले, तर पहिला स्वर दोन भाग घेतो आणि दुसरा तिसऱ्या भागावर येतो. तो बरोबर अर्ध्यावर वाजवला, तर सगळे स्वर अचूक असूनही डौल जातो.

व्हिडिओ निवडताना उजवा हात जवळून दिसतो की नाही, हे पाहावे. यूट्यूबवर गती अर्ध्यावर आणली तरी स्वर उतरत नाहीत, त्यामुळे शिक्षक घाई करतात ही तक्रार बरीचशी मिटते. आणखी एक आग्रह धरीन. आपला अंगठा एकाच तारेवर चालतो, तेव्हा सध्या लाइटनिन हॉपकिन्स किंवा बिग बिल ब्रुन्झी या ब्लूज वादकांच्या वळणाचेच धडे घ्यावेत. मिसिसिपी जॉन हर्ट या वादकाचा अंगठा दोन तारांवर आलटूनपालटून पडतो, आणि ती शिस्त वेगळी आहे. हर्ट यांची पहिली ध्वनिमुद्रणे १९२८ सालची; पुढे ते विस्मरणात गेले आणि १९६३ मध्ये रसिकांनी त्यांना पुन्हा शोधून काढले. त्यानंतरच्या त्यांच्या चित्रफिती आज पाहायला मिळतात. त्या जरूर पाहाव्यात, पण दोन्ही पद्धतींची सरमिसळ आताच करू नये.

आबोली (मडगाव)

मी पाश्चात्त्य शास्त्रीय गिटार शिकवते, त्यामुळे एक गोष्ट आवर्जून सांगते. गोव्यात अनेकांचा हात शास्त्रीय पद्धतीने घडलेला असतो आणि त्या पद्धतीत तळहात सहसा तारांवर टेकवत नाहीत. ब्लूजमध्ये मात्र तळहाताची करंगळीकडची कड ब्रिजजवळ (गिटारच्या खोक्यावर तारा जिथे टेकतात त्या पट्टीजवळ) खालच्या स्वरांच्या तारांवर हलकेच टेकवावी लागते, म्हणजे ठोका दबका आणि आखूड येतो आणि चाल त्याच्यावर स्पष्ट उठते. कड फार पुढे सरकली, तर स्वर मरतो. फार मागे गेली, तर सहावी तार घुमत राहते. ही जागा व्हिडिओत पाहून सापडत नाही, आपल्याच गिटारवर हात सरकवत ती शोधावी लागते. बोटे किती वापरावीत, याची चिंता करू नये: ब्लूज गिटारवादक रेव्हरंड गॅरी डेव्हिस केवळ अंगठा आणि तर्जनी यांवर अवघड रचना वाजवत असत.

हळसांदो (साखळी)

पावसाळ्यात दमटपणामुळे लाकूड फुगते, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात आणि सोपी जागाही जड वाटते. गिटार पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, नाहीतर त्या लवकर गंजतात.

दूधसागर (फोंडा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. केवळ एक बार घेऊन सराव सुरू केला आहे. पुढे आलटूनपालटून ठोक्यांकडे वळेन, तेव्हा बी-सेव्हनवर अंगठा कोठे न्यावा?

माटोळी (म्हापसा)

पाचव्या तारेवरचा बी आणि चौथीच्या पहिल्या पडद्यावरचा डी-शार्प, एवढ्यावर सुरुवातीला भागते. ते स्थिर झाले, की मधले बोट पाचव्या तारेवरून सहावीच्या दुसऱ्या पडद्यावर नेऊन तिसऱ्या ठोक्याला एफ-शार्प घ्यावा आणि पुढच्या बारच्या आत ते परत आणावे. बाकीची बोटे त्या वेळी जागची हलू देऊ नयेत.